खेचली म्हणजे थांबवली

सोमवारी सकाळी ऑफिसात पोचून टाइपरायटरवरचं कापड काढत होते तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे मेरीवहिनी होती, रेजिनाची भावजय. रेजिना आठ दिवस तापानं रजेवर होती, म्हणून मला वाटलं, रजा वाढवायचा निरोप असेल. सवयीनं वही ओढली, पेन्सिल घेतली. वहिनी सांगत गेली आणि मी ‘हो, हो’ करत लिहीत गेले... पहाटे छातीत दुखलं, डॉक्टर यायच्या आधीच सगळं आटोपलं, दफन उद्या सकाळी भुईगावला. फोन ठेवल्यावर वहीकडे बघितलं. रेजिना गेली, हे मी शॉर्टहँडमध्ये लिहून घेतलं होतं. तिनेच शिकवलेल्या आखूड, स्वच्छ रेघांमध्ये. त्या वाचता येणारी आमच्या ऑफिसात तिच्यानंतर मी एकटीच होते.

त्याला आता पाच आठवडे झाले. आमचं ऑफिस घोड्यांच्या शर्यतींचं. सतरा वर्षं आम्ही दोघी तिथे शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो, आणि या सतरा वर्षांत मला भेटणाऱ्या प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला : रेसच्या ऑफिसात बायका काय करतात? त्या प्रश्नाचं खरं उत्तर रेजिना होती. ते कधीतरी नीट सांगायचं राहून गेलं होतं.

मी आगाशीची. वडिलांची केळीची आणि पानवेलींची वाडी. मॅट्रिक झाले, विरारच्या क्लासात टायपिंग शिकले, आणि अर्ज केला त्या अनेक जागांपैकी नेमकी ही जागा मिळाली. पत्र वाचून वडील म्हणाले, “जुगाराच्या ठिकाणी माझी मुलगी जाणार नाही.” विषय संपला होता. पण मुलाखतीच्या दिवशी माझ्याशी चार शब्द बोललेली एक स्टेनो मला आठवत होती, भुईगावची, म्हणजे आमच्याच भागातली. तीच रेजिना. मी तिला पोस्टकार्ड टाकलं की येता येणार नाही. पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर ती एसटीनं थेट आमच्या घरी हजर. पस्तिशीच्या पुढची, सडपातळ, फुलाफुलांचा पिवळा फ्रॉक, पायांत कॅनव्हासचे बूट. वडिलांनी अंगणात खाट टाकली आणि स्वतः उभेच राहिले. ती म्हणाली, “काका, पैसे लावायच्या खिडक्या मैदानाच्या पलीकडच्या टोकाला आहेत. मी बारा वर्षं तिथे नोकरी करते, अजून त्या खिडक्या जवळून बघितलेल्या नाहीत. आमच्याकडे पैसे लावायचं काम नाही, शब्द लावायचं काम आहे.” वडिलांना ते कितपत पटलं कोण जाणे, पण तिनं जाताना पानवेलींना पाणी किती दिवसांनी देता, हे बारकाईनं विचारलं, आणि दुसऱ्या सोमवारी मी कामावर रुजू झाले.

शब्द लावायचं काम म्हणजे काय, ते पहिल्याच आठवड्यात कळलं. इंग्रजी मला येत होतं, पण या इंग्रजीत ओळखीचे शब्द अनोळखी होऊन भेटत. एका यादीत प्रत्येक घोड्याच्या नावापुढे ‘डॅम’ असं लिहिलेलं होतं. मी मनाशी म्हटलं, ही धरणं कशाला? तर डॅम म्हणजे घोड्याची आई. मराठी वर्तमानपत्राला पाठवायच्या टिपणात ‘मेडन’ घोड्यांच्या शर्यतीचं भाषांतर मी ‘कुमारिकांची शर्यत’ असं केलं, त्यात तीन घोडे चांगले नर होते. मेडन म्हणजे एकही शर्यत न जिंकलेला घोडा, मग तो नर असो की मादी. रेजिना तो कागद वाचून हसली नाही. हसण्याऐवजी तिनं मला पहाटेच्या सरावाला यायला सांगितलं. ऑफिस उघडायच्या आधी तबेल्यांशी जाऊन उभं राहायचं आणि घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दारांशी बोलायचं, हा तिचा आठवड्यातून दोनदाचा नेम होता. ती म्हणायची, “बाय, पुस्तकातला शब्द तोंडपाठ होतो, पण तो कशाला लागतो ते घोड्याजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही.”

मोतद्दार तिला ‘बाई’ म्हणत. त्यांच्याकडे त्यांचे शब्द होते, आणि ते आपल्या भाषेत फार जुने होते. तांबूस अंगाचा, काळ्या आयाळीचा तो कुमैत. चारही पाय आणि तोंड पांढरं असेल तर पंचकल्याणी. अंगावरच्या केसांचा भोवरा कुठे आहे यावरून दोन सारख्या घोड्यांमधला फरक ते अंधारातही सांगत. रेजिना हे सगळं लिहून घेई. एका बाजूला ऑफिसचा इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला तबेल्याचा. कुठे जोडी जुळली नाही तर ती जागा कोरी ठेवी आणि दोन-दोन महिने विचारत फिरे. एकदा तिनं मला मोठ्या समाधानानं सांगितलं, की या धंद्यात एका बापाच्या दोन घोड्यांना कोणी भाऊ म्हणत नाही, एका आईचे असतील तरच म्हणतात. “बघ, भावंडं आईवरून ठरतात,” ती म्हणाली. तिची आई ती नऊ वर्षांची असताना गेली होती, आणि दोन धाकट्या भावांना तिनंच वाढवलं होतं. त्यातच लग्नाचं वय निघून गेलं, हे मला पुढे मेरीवहिनीकडून कळलं. तिनं स्वतः कधी तो विषय काढला नाही.

आता ज्या दिवसासाठी हे सगळं लिहायला बसले, त्या दिवसाबद्दल.

नोकरीला पाच वर्षं झाली होती. दत्ताराम नावाचा एक स्वार होता, साताऱ्याकडचा. आठ वर्षं मोतद्दार म्हणून राबला, अंगानं हलका आणि घोड्यावर हात चांगला, म्हणून त्याला स्वाराचं लायसन मिळालं. असं क्वचितच घडत असे. त्या शनिवारी तो वॉटर लिली नावाच्या चार वर्षांच्या घोडीवर होता आणि ती जिंकणार असं सगळे धरून चालले होते. आम्ही ऑफिसात होतो, पुढचं बघणाऱ्यांकडून कळलं : शेवटचं वळण घेऊन ती पुढे आली. दोन फर्लांग, म्हणजे जेमतेम चारशे मीटर, राहिले असताना सगळ्यांच्या देखत दत्तारामनं लगाम आवळला. घोडी मंदावली, बाकीचे घोडे शेजारून निघून गेले, आणि ती सगळ्यात शेवटी चालत आली. लोक कठड्यावर चढून त्याला शिव्या देत होते. घोड्यांच्या डॉक्टरांनी तिथेच घोडी चालवून बघितली. चारही पाय सारखे पडत होते. दिसण्यासारखं काही नव्हतं.

तासाभरात चौकशी बसली. लांब टेबलामागे शर्यतींचे तीन पंच, समोर उभा दत्ताराम, अंगावर अजून शर्यतीचा रंगीत सदरा. चौकशी इंग्रजीत चाले. स्वाराचं बोलणं इंग्रजीत सांगायला ऑफिसातले एक जुने कारकून बसत. इंग्रजी उत्तम, पण तबेल्याकडे ते कधी फिरकले नव्हते. लांबणाऱ्या चौकशीला दोन स्टेनो लागत, पाळीपाळीनं लिहायला. पाळी माझी होती. रेजिना माझ्या डाव्या हाताला बसली होती.

दत्तारामला विचारलं, काय झालं? तो म्हणाला, “साहेब, म्या घोडी खेचली. दोन फर्लांग राहिल्यावर खेचली. न्हाई खेचली आसती तर...” एवढ्यात मुख्य पंचांनी हात वर केला आणि कारकुनांकडे बघितलं. कारकुनांनी इंग्रजीत सांगितलं, घोडी ‘पुल’ केल्याचं हा कबूल करतो. तिन्ही पंच पुढे वाकले. कारण या धंद्यात त्या एका शब्दाहून वाईट शब्द नाही. घोडा पुल करणं म्हणजे जिंकू शकणाऱ्या घोड्याला मुद्दाम मागे ठेवणं. त्याची शिक्षा म्हणजे लायसन कायमचं गेलं आणि कुठल्याही मैदानात पाय ठेवायची बंदी. मी ते वाक्य लिहिलं. लिहिताना मला काहीही वाटलं नाही, हे इथे सांगितलंच पाहिजे. ऐकलं आणि लिहिलं. ठिपका देणार तोच रेजिनाचा हात माझ्या वहीवर आला.

ती उभी राहिली. स्टेनोनं चौकशीत बोलायचं नसतं, हे तिनंच मला शिकवलं होतं. मुख्य पंच म्हणाले, “मिस, तुम्ही इथे लिहायला आहात.” ती म्हणाली, “हो सर. पण हे लिहिता येणार नाही, कारण तो हे बोललाच नाही.” आवाज चढलेला नव्हता. तिनं सांगितलं की याच्या भाषेत ‘खेचली’ हा एकच शब्द आहे आणि आपल्या धंद्यात त्याचे दोन होतात. पुल केली म्हणजे फसवलं. पुल अप केली म्हणजे घोड्याला काही इजा झाली असं वाटून त्याला थांबवलं, जे चांगल्या स्वारानं करायचंच असतं. “यातलं त्यानं कुठलं केलं ते मला माहीत नाही,” ती म्हणाली, “पण तो ‘नाही खेचली असती तर’ असं म्हणत होता. त्या ‘तर’च्या पुढचं कोणी ऐकलेलं नाही.”

मग त्याला विचारलं. तो म्हणाला, “म्होरला डावा पाय. टाप पडायचा आवाज बदलला, साहेब. पाय मोडला आसता. ती मेली आसती.” पंच म्हणाले, डॉक्टरांना काही सापडलेलं नाही. रेजिना अजून उभीच होती. ती म्हणाली, शिरेची, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीची, दुखापत कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते, असं मोतद्दार सांगतात. मोतद्दार सांगतात, हे ऐकून एक जण हसला. पण मुख्य पंच माणूस न्यायाचा होता. निकाल त्यांनी सोमवारपर्यंत थांबवला, आणि रेजिनाला बाहेर जायला सांगितलं. पुढची चौकशी मी एकटीनं लिहिली.

बाहेर हेडक्लार्क तिची वाट बघत होते. माझा गैरसमज झाला, असं एक पत्र टाइप करून दे, मी सगळं निस्तरतो, असं ते तिला समजावत होते. तसे ते भले गृहस्थ, तिच्या नोकरीची त्यांना खरंच काळजी होती. ती म्हणाली, “विचारल्याशिवाय बोलले याबद्दल माफी मागते, आत्ता टाइप करते. गैरसमज झाला असं मात्र लिहिणार नाही. आयुष्यभर लोकांचं बोलणं जसंच्या तसं लिहिलंय, माझंच चुकीचं कसं लिहू?”

रविवारी मला राहवेना. दुपारी भुईगावला गेले. ती मागच्या वाडीत वांग्यांच्या वाफ्यात बसून गवत काढत होती. मला बघून उठली नाही, हातानं शेजारची जागा दाखवली. बराच वेळ दोघी गवत काढत राहिलो. धाकटा भाऊ दोनदा येऊन गेला. त्याचं म्हणणं होतं, पाहिजे ते लिहून दे आणि मोकळी हो. तो गेल्यावर ती म्हणाली, “सुमन, आज मिस्सेला बसले आणि मला कळेना की काय मागू. घोडी धडधाकट निघाली तर दत्ताराम चोर ठरतो आणि मी खोटी. मग काय, त्या मुक्या जनावराचा पाय सुजू दे असं मागू?” मी विचारलं, मग काय मागितलंस? “काही नाही. नुसती बसले... शेवटी म्हटलं, जे असेल ते दिसू दे.” तिला घाबरलेलं मी त्या एकाच दिवशी बघितलं. हाताला माती होती म्हणून ती मनगटानं डोळे पुसत होती.

सोमवारी सकाळी सहा वाजता डॉक्टर तबेल्यात गेले तेव्हा घोडीचा पुढचा डावा पाय गुडघ्याखाली, मागच्या बाजूनं सुजलेला होता आणि हाताला गरम लागत होता. शीर दुखावली होती. आणखी एक फर्लांग जोरात पळाली असती तर ती शीर तुटली असती आणि घोडी मैदानातच कोसळली असती, असं डॉक्टरांनी लेखी दिलं. दत्तारामवरचा आळ गेला. माझ्या वहीतलं ते वाक्य दुरुस्त झालं : स्वारानं घोडी थांबवली. रेजिनाला मात्र बोलल्याबद्दल आठ महिने चौकशीच्या कामातून काढून घोड्यांच्या वंशावळीच्या नोंदी करायला आतल्या खोलीत बसवलं. त्याबद्दल ती कुरकुरली नाही. उलट म्हणाली, “तिथे सगळ्यांच्या आया भेटतील.”

घोडीचं पुढे काय झालं, हा आमच्या भागाचा अभिमानाचा विषय आहे, म्हणून तेही सांगते. घोडीच्या मालकांची आमच्या भागातल्या कळंबला, समुद्रकाठच्या सुरूच्या बनात एक जागा होती. दुखऱ्या पायाला समुद्राचं पाणी चांगलं, म्हणून तिला तिथे आणली. दत्ताराम मालकांच्या पाया पडून तिच्याबरोबर आला. मी घोडी थांबवली, आता चालवणारही मीच, असं म्हणाला. रोज सकाळी आणि संध्याकाळी तो तिला गुडघाभर पाण्यात घेऊन उभा राही, मग हळूहळू चालवी. आम्ही दोघी महिन्यातून एखाद्या रविवारी जात असू. मासे वाळत घालणाऱ्या बायकांना या प्रकाराचं मोठं नवल वाटे. त्यांच्यातली एक म्हातारी रेजिनाला म्हणाली, “बाई, घोडीला खारं पानी कशाला? आमच्या हिरीचं गोडं पानी हाय ना.” रेजिनानं तिला पाय, शीर, सूज सगळं समजावून सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हंजे आमच्यासारकंच. आमचे पाय पन पान्यातच बरे ऱ्हातात.” पुढच्या खेपेला गेलो तर ती स्वतः घोडीची दोरी धरून पाण्यात उभी होती आणि दत्ताराम किनाऱ्यावर जेवत होता.

चौदा महिन्यांनी वॉटर लिली पुन्हा मैदानात उतरली. दत्तारामच वर होता. रेजिनानं इतक्या वर्षांत एकही शर्यत उभं राहून बघितली नव्हती, शर्यतीच्या वेळी आमची कामं ऑफिसात चालू असत. त्या दिवशी हेडक्लार्क आपणहून म्हणाले, दोघी जा. आम्ही कठड्याला धरून उभ्या राहिलो. घोडी वळणावरून आली तेव्हा रेजिनानं माझं मनगट घट्ट धरलं. ती घोडीकडे बघतच नव्हती. डोळे मिटून टापा ऐकत होती. घोडी तिसरी आली. माझा चेहरा पडलेला बघून ती म्हणाली, “वेडी आहेस का, बाय? चारही पाय घेऊन आली.”

त्यानंतर वर्षभरात वरिष्ठांनी तिला बोलावून घेतलं आणि चौकशीत वापरायच्या शब्दांची इंग्रजी, मराठी आणि हिंदी यादी करायला सांगितलं. तिची पंधरा वर्षांची टिपणं तयारच होती. तरी तिनं पाच महिने घेतले. प्रत्येक शब्द आधी दत्तारामला आणि दोन म्हाताऱ्या मोतद्दारांना वाचून दाखवला, त्यांनी मान हलवली तरच टाइप केला. यादीवर कोणाचंच नाव नव्हतं. मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, शब्द त्यांचे आहेत, मी नुसते शेजारी शेजारी बसवले. अशी यादी दुसऱ्या कुठल्या मैदानात होती की नाही, मला ठाऊक नाही. आमच्याकडे होती, आणि ती भुईगावच्या एका बाईनं केली होती, एवढं मी छाती पुढे काढून सांगू शकते.

दफनाच्या दिवशी सकाळचा सराव आटोपून मोतद्दार आणि स्वार टेंपोत बसून भुईगावला आले. चाळीसेक माणसं असतील. चर्चमध्ये कधी उठायचं, कधी बसायचं हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते सगळे मिस्सा संपेपर्यंत मागे उभेच राहिले. गावातले लोक त्यांच्याकडे वळून बघत होते. आपली रेजिना मुंबईत कुठल्याशा ऑफिसात टायपिंग करते, एवढंच बहुतेकांना माहीत होतं. कबरीशी फादरांनी विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का? दत्ताराम पुढे आला. त्याचे केस आता पिकलेत, तरुण स्वारांना शिकवायचं काम करतो. त्यानं ती सगळी हकिकत सांगितली, सावकाश, त्याच्या साताऱ्याच्या बोलीत, एकही गोष्ट न गाळता. उन्हं वर आली होती. कोणी हाललं नाही. शेवटी तो म्हणाला, “माजं लायसन ऱ्हायलं, घर ऱ्हायलं, दोन पोरी शिकल्या. बाईंनी माज्याकडनं चहासुदीक घेतला न्हाई.” मेरीवहिनी माझ्या शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, “हे तिनं आम्हाला घरात कधीच सांगितलं नाही गं.”

आता तिच्या टेबलावर दुसरी मुलगी बसते, हुशार आहे. पण चौकशीच्या खोलीत रेजिना अजून आहे असं मला वाटतं, ते तिथल्या एका रिवाजामुळे. पूर्वी स्वाराची जबानी इंग्रजीत टाइप व्हायची आणि तो खाली सही किंवा अंगठा करून निघून जायचा. वंशावळीच्या खोलीतून परत आल्यावर रेजिनानं वरिष्ठांच्या मागे लागून एक पद्धत पाडली. सहीच्या आधी सगळी जबानी स्वाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवायची, आणि त्यानं हो म्हटल्याशिवाय कागद पुढे सरकवायचा नाही. वेळ जातो. पंच घड्याळाकडे बघतात. तरी ही पद्धत मोडलेली नाही.

गेल्या शनिवारी एक चौकशी होती. राजस्थानकडचा नवा स्वार, घोडा शर्यतीत आडवा गेला म्हणून बोलावलेला. मी टाइप करून आणलं आणि हिंदीत वाचायला सुरुवात केली. तो मान खाली घालून ऐकत होता. चौथ्या ओळीशी त्यानं मान वर केली आणि घाबरत घाबरत म्हणाला, “मैडम, मैं डर गया, ऐसा नहीं बोला था. घोड़ा डर गया, ऐसा बोला था.” मी पंचांकडे बघितलं. ते खुर्चीत मागे टेकून बसले, म्हणजे थांबायला तयार झाले. मी ती ओळ खोडली, वर नवी लिहिली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.